आधी हाड, मग मांस

आमची घोडी गाभण आहे हे पक्कं कळल्यापासून घरात तिच्या चंदीवरून दोन मतं होती. आण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, म्हणणं असं की गाभण जनावराला पहिल्या महिन्यापासून हात सैल सोडून घालावं. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका. घोडी साधारण अकरा महिने, म्हणजे सुमारे 340 दिवस गाभण राहते. त्यातले पहिले सात-आठ महिने तिला नेहमीची वैरण पुरते. पोटातलं शिंगरू निम्म्याहून जास्त वाढतं ते शेवटच्या तीन महिन्यांत, आणि खरा खुराक लागतो तो तेव्हा. तोवर घोडी नुसती लठ्ठ झाली तर शिंगराच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. दारात घोडी असावी ही हौस आण्णांच्या वडिलांपासूनची. म्हशींचा गोठा मी बघते, त्यामुळे गाभण घोडीची आणि पुढे शिंगराची जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "वहिनी, म्हशीचा हिशेब इथं लावू नका." म्हैस रवंथ करते. तिच्या पोटातले जंतू निकस चाऱ्यातूनही तिच्यासाठी प्रथिनं तयार करतात. घोड्याचं तसं नाही. त्याचं जठर लहान, आणि चारा आंबतो तो लहान आतड्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात. त्यामुळे वाढत्या शिंगराला चांगल्या प्रतीची प्रथिनं खाद्यातूनच मिळावी लागतात. युरिया घातलेल्या खाद्याचा घोड्याला उपयोग नाही, तोही याच कारणाने.

मग त्यांनी आमची गव्हाण तपासली. सोलापूर जिल्ह्यात जे बहुतेक गोठ्यांत असतं तेच आमच्याकडे होतं: ज्वारीचा कडबा, उसाचे वाढे, बांधावरचं हत्तीघास, वरून गव्हाचा भुसा, म्हणजे गव्हाचा कोंडा, आणि सरकी पेंड. एकेक वस्तू हातात घेऊन ते बोलत होते.

कडबा चांगला. आमच्याकडे मालदांडीचा असतो, मोहोळच्याच संशोधन केंद्रातून निवडून आलेल्या वाणाचा. पानं मऊ, जनावर आवडीने खातं. पण त्यात प्रथिनं जेमतेम चार टक्के आणि कॅल्शियमही बेताचं. पोट भरायला तो हवाच, पण त्याने अंग भरत नाही. वाढे आणि हत्तीघास यांत ऑक्झलेट असतं. ते आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणजे चाऱ्यात कॅल्शियम असूनही घोड्याच्या अंगी लागत नाही. बाजरीच्या वैरणीचंही तेच. कधीमधी तोंड लावायला हरकत नाही, पण घोडीची मुख्य हिरवी वैरण म्हणून ते चालणार नाही.

भुशापाशी ते थांबले, कारण घोड्यापुढे भुशाची पाटी ठेवणं म्हणजे लाड, अशी आमच्याकडे समजूत आहे. गव्हाच्या भुशात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास आठपट असतो. घोड्याच्या एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी पडता कामा नये. वाढत्या वयात ते दीड ते दोनपट असलेलं उत्तम. उलटं झालं की रक्तातलं कॅल्शियम राखण्यासाठी शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. जबड्याची आणि नाकाडाची हाडं पोकळ होऊन फुगतात, तोंड सुजल्यासारखं मोठं दिसायला लागतं, जनावर पायांत धरतं. पूर्वी पिठाच्या गिरण्यांवर राबणाऱ्या घोड्यांना नुसत्या भुशावर ठेवलं जायचं आणि त्यांना हा आजार हमखास व्हायचा. हे ऐकल्यावर आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या लहानपणी दारात असलेल्या एका घोड्याचं तोंड असंच झालं होतं, आणि तेव्हा सगळ्यांनी ती नजर लागली असं मानलं होतं.

सरकी पेंड शिंगरांसाठी नकोच म्हणाले. तिच्यात गॉसिपॉल असतं, ते कोवळ्या जनावरांना बाधतं. शिवाय लायसिन कमी. लायसिन हा प्रथिनांतला एक घटक. शिंगराच्या वाढीत सगळ्यात आधी तोच अपुरा पडतो. बाकीची प्रथिनं कितीही घातली तरी लायसिन जेवढं, तेवढीच वाढ. ते भरपूर असतं सोयाबीनच्या पेंडीत. पण पेंडीतच, कच्चं सोयाबीन भरडून घातलं तर त्यातला एक घटक प्रथिनं पचूच देत नाही. तेल काढताना उष्णता लागते म्हणून पेंडीत तो दोष राहत नाही. बार्शीकडे सोयाबीन घरचंच असतं, त्यामुळे तिकडच्या पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगते.

विहिरीजवळच्या पट्ट्यात ठिबकवर मेथीघास लावलं, म्हणजे लसूणघास. आमच्या भागात घोड्यासाठी याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही असं माझं मत आहे. वाळलेल्या हिशेबात प्रथिनं सोळा-अठरा टक्के आणि कॅल्शियम फॉस्फरसच्या पाच-सहापट. भुसा आणि धान्य जिथे तोल घालवतात, तिथे मेथीघास तो परत आणतं. शेवटचे तीन महिने घोडीला कडबा कुट्टी, मेथीघास, दिवसाला दीड-दोन किलो भरडा आणि सोया पेंड, वर खनिज मिश्रण. खनिज मिश्रणाबद्दल डॉक्टर हटून बसले होते, आणि ते तांब्यासाठी. घोडीच्या दुधात तांबं फार कमी असतं. शिंगरू पहिले काही महिने स्वतःच्या यकृतात साठलेलं तांबं वापरतं, आणि तो साठा आईच्या पोटात असतानाच, शेवटच्या महिन्यांत होतो. तांबं कमी पडलं तर सांध्यांतली कूर्चा नीट घडत नाही.

घोडी पहाटे व्याली. व्यायल्यानंतरच्या वेळेचा हिशेब डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवला होता: तासाभरात शिंगरू उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत त्याने आचळ धरलं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. यातलं काही चुकलं तर वाट बघायची नाही, फोन करायचा. शिंगरी होती. उभी राहिली, पडली, परत उभी राहिली. मग आईच्या पुढच्या पायांमध्ये तोंड घालून चाचपडत बसली. नंतर छातीवर, नंतर गव्हाणीच्या लाकडाला ओठ लावून चोखायला लागली. जीभ बाहेर काढून ती मुडपलेली, नळीसारखी. आण्णा तिला धरून कासेकडे न्यायला निघाले तेव्हा मी त्यांना थांबवलं, कारण वेळ हाताशी होता आणि घोडी बिथरली असती. शेवटी तिने मागून, मांड्यांच्या मधून कास शोधली आणि घशाचा तो घटाघट आवाज आला.

त्या पहिल्या चिकाचं महत्त्व माणसाच्या बाळापेक्षाही शिंगराला जास्त आहे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून प्रतिपिंडं मिळतात. घोडीच्या वारेतून ती जात नाहीत. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायला जवळजवळ काही नसतं. सगळं चिकातून यायचं, आणि तेही वेळेत. आतडं ही प्रतिपिंडं न मोडता, आहेत तशी शोषून घेतं ते पहिल्या काही तासांत. सहा-आठ तासांनंतर ते झपाट्याने कमी होतं आणि चोवीस तासांत बंद होतं. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी पोटात जाईल, रक्तात जाणार नाही. पुरेसा चीक मिळाला की नाही हे 18 ते 24 तासांदरम्यान रक्त तपासून कळतं. डेसिलीटरला 800 मिलिग्रॅमच्या वर प्रतिपिंडं असली की निर्धास्त. शिंगरी पोटभर प्यायल्यावर घोडीचा पेलाभर चीक काढून स्वच्छ बाटलीत भरून डीप फ्रीजरला ठेवला. तो वर्षभर टिकतो. कुणाची घोडी व्यायल्यावर दगावली किंवा तिला दूधच उतरलं नाही, तर त्या शिंगराला तो जीव देऊ शकतो. तापवायचा मात्र नाही, कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवायचा. उकळला की प्रतिपिंडं गेली.

नाळेला आयोडीन लावलं, काळी घट्ट पहिली विष्ठा दिवसाच्या आत पडली, आणि त्यानंतर शिंगरीचं काम एकच, पिणं. तासाला कितीतरी वेळा, दर वेळी थोडं थोडं. दिवसाकाठी स्वतःच्या वजनाच्या पाव हिस्सा दूध शिंगरू पितं. घोडीचं दूध पातळ असतं. स्निग्धांश दीड-दोन टक्क्यांच्या आत, साखर मात्र सहा टक्क्यांच्या वर. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सात टक्के. त्यामुळे पोरक्या शिंगराला घट्ट म्हशीचं दूध पाजणं, जे आपल्याकडे मायेपोटी केलं जातं, त्याच्या पोटाला झेपत नाही. हगवण लागते आणि शिंगरू हातचं जातं.

घोडीचा खुराक या काळात सगळ्यात जास्त ठेवावा लागतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिची गरज रिकाम्या घोडीच्या जवळपास दुप्पट होते. आमची घोडी साडेतीनशे किलोच्या आसपासची. वाळल्या हिशेबात ती दिवसाला आठ-नऊ किलो खायची आणि पाणी तर हौदच्या हौद. जन्मताना शिंगरू आईच्या दहाव्या हिश्श्याचं असतं आणि महिना-सव्वा महिन्यात वजन दुप्पट करतं. तो वेग दुधातून येतो आणि दूध घोडीच्या गव्हाणीतून. दूध वाढवायचं म्हणून शिंगराला वरचं काही पाजण्यापेक्षा घोडीकडे बघा, हे मला फार पटलं.

दुसऱ्या आठवड्यात शिंगरीला पातळ झालं. त्याच सुमारास ती आईची लीद हुंगायला आणि खायला लागली. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगं, लीद खातंय बघ ते, आडीव त्याला!" अडवलं नाही. आईच्या ताज्या लिदीतून शिंगराच्या आतड्यात चारा पचवणारे जंतू जातात आणि त्यांचं तिथं बस्तान बसतं. नवव्या-दहाव्या दिवसाच्या आसपासची ती हगवणही बहुतेक शिंगरांना होते आणि आपोआप थांबते. शिंगरू पीत असेल, खेळत असेल, ताप नसेल तर औषधाची घाई करायची नाही. ढोपर गाळून बसलं, प्यायचं थांबलं, तर मात्र तासभरही थांबायचं नाही.

दोन महिने झाले तेव्हा तिचा स्वतंत्र खुराक सुरू केला. घोडीचं दूध तिसऱ्या महिन्यानंतर कमी व्हायला लागतं आणि शिंगराची गरज चढत असते. ही फट धान्याने भरायची. अडचण अशी की घोडी शिंगराच्या वाट्याचं दोन मिनिटांत फस्त करते. आमच्या ह्यांनी गोठ्याच्या कोपऱ्यात आडवे बांबू बांधून कुड घातलं. खालून शिंगरी आत जाईल, घोडीची छाती अडेल, अशा उंचीवर. आत लहान गव्हाण. पहिले काही दिवस शिंगरी नुसती मुठीतला भरडा चाटायची, नंतर बांबू दिसला की पळत यायची. प्रमाण डॉक्टरांनी सांगितलं होतं ते असं की वयाच्या दर महिन्यामागे दिवसाला साधारण चारशे-साडेचारशे ग्रॅम, तेही मोठ्या जातीच्या शिंगरासाठी. आमच्या मापाच्या शिंगरीला त्याच्या खालीच राहायचं. तिसऱ्या महिन्यात ती किलोभर भरडा दोन-तीन वेळा विभागून खात होती.

भरडा कशाचा, हे मला सगळ्यात जास्त लोक विचारतात, म्हणून नीट लिहिते. शंभर किलोत मक्याचा भरडा 33 किलो, सातू किंवा ओट 33, सोया पेंड 20, गव्हाचा भुसा 10, खनिज मिश्रण दोन किलो, खायचा चुना म्हणजे खाद्यासाठी मिळणारी चुनखडीची पूड एक किलो, मीठ एक किलो. प्रथिनं सोळा-सतरा टक्के बसतात. भुसा पूर्ण काढला नाही. थोड्या प्रमाणात तो पचनाला बरा असतो आणि चुनखडी त्याचा फॉस्फरस झाकून टाकते. आण्णांच्या समाधानासाठी हरभरा होताच, रात्रभर भिजवून, मूठ-दोन मुठी. कोरडा हरभरा कोवळ्या जनावराला घालू नये, घशात अडकतो आणि पोटात फुगतो. शेंगदाणा पेंड मी घेतली नाही. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी फार लवकर चढते आणि त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. मक्याचंही डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. मक्यावरच्या एका बुरशीने घोड्याचा मेंदू बिघडतो, आणि हे विष गाईपेक्षा घोड्याला कितीतरी जास्त बाधतं. वास कुबट आला की पोतं बाजूला. कितीही पैसे गेलेले असोत.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या पंचक्रोशीत फारशी कुणाला माहीत नाही. दुभत्या जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गाईला ते चालतं. घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने मरतात, आणि अगदी थोड्या मात्रेने. एकाच गोठ्यात म्हशी आणि घोडी असतील तर म्हशींच्या खाद्याचं पोतं उघडं राहता कामा नये, आणि तीच पाटी घोड्यापुढे ठेवता कामा नये. आमच्या गोठ्यात घोड्यांच्या पाट्यांना निळा रंग दिला आहे.

सहाव्या महिन्यात दूध तोडलं. त्याआधी शिंगरी भरडा आणि चारा आवडीने खाते याची खात्री झाली होती, म्हणून तो काळ सोपा गेला. घोडीची चंदी आठवडाभर आधीपासून बंद केली, म्हणजे दूध आटलं. शिंगरीला सोबतीला एक म्हातारी घोडी शेजारच्या वस्तीवरून आणली. दूध तुटल्यावर दोन आठवडे शिंगराचं वजन थबकतं. लोक तिथं घाबरून धान्य वाढवतात. वाढ एकदम थांबून मग एकदम उसळली तर हाडांना ते सोसत नाही, म्हणून आम्ही प्रमाण तेच ठेवलं आणि तिला हळूहळू रुळावर येऊ दिलं.

वजनासाठी काटा नाही, पण शिंप्याची टेप आहे. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याला त्यानेच गुणायचं, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि 11,880 ने भागायचं. मोठ्या घोड्याचं वजन किलोमध्ये मिळतं. शिंगराचं खरं वजन या हिशेबापेक्षा थोडं जास्त भरतं, पण दर पंधरवड्याला एकाच माणसाने मोजलं तर चढ कळतो, आणि आपल्याला बघायचा असतो तो चढच. सहा महिन्यांचं शिंगरू मोठेपणीच्या वजनाच्या 45 टक्क्यांच्या आसपास असतं, वर्षाचं 65 टक्के. उंची तर वर्षात 90 टक्के होऊन जाते. म्हणजे पहिल्या वर्षात हाडं जवळजवळ सगळी लांबी गाठतात. त्या वर्षात मांस वाढवायच्या मागे लागलो तर कोवळ्या हाडांवर ओझं चढतं.

हे मला पुस्तकातल्यासारखं वाटलं असतं, पण तेव्हाच माझ्या आतेदिरांनी एक शिंगरा विकत घेतला. आठ महिन्यांचा, अबलख, अंगावर मूठभर चरबी, कातडी अशी चकचकीत की बघणारा थांबावा. जागा नाही म्हणून आमच्याकडे आणून बांधला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमची शिंगरी हाडकुळी दिसतीया याच्यापुढं. ह्याला गूळ, भुसा आन् हरभरा होता म्हनं. तेच चालू ठिवा." बाजारात गिऱ्हाईक गोल अंग बघतं आणि त्यासाठीच अशी शिंगरं तयार केली जातात. अकलूजच्या घोडेबाजारात किंवा कार्तिकीला पंढरपूरच्या बाजारात उभं राहिलं की हे दिसतं. पैलवानासारखं गरगरीत शिंगरू लोक घोळका करून बघतात, आणि त्याच्या गुडघ्यांकडे कुणी वाकून बघत नाही.

मी वाकून बघितलं. पुढच्या पायांच्या गुडघ्यांच्या वरच्या बाजूला, जिथे हाडाची वाढीची जागा असते, तिथे दोन्हीकडे फुगवटा होता. हात लावला तर गरम, आणि दाबलं की पाय काढून घ्यायचा. घोट्याचा सांधा वरखाली रुंद आणि मध्ये चिमटलेला. उजवा पुढचा खूर उभा झालेला, टाच जमिनीला नीट टेकत नव्हती. दिवसभर तो एका जागी बांधलेला असायचा हे नंतर कळलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की खुराक जास्त, खनिजं उलटी आणि हालचाल शून्य, या तिघांचा हा परिणाम. खुराक जास्त झाला की वाढ पळते, स्नायू आणि चरबी चढते, पण हाडाच्या टोकाशी असलेली कूर्चा त्या वेगाने पक्की होत नाही. हाडं झरझर लांब होतात, स्नायुबंध मागे पडतात, आणि खूर उभा राहतो. काही वंशांच्या शिंगरांत हे मुळातच जास्त होतं. उपाय ऐकून भाऊजी नाराज झाले. गूळ बंद. भुसा बंद. धान्य निम्म्याच्या खाली. पण उपाशी ठेवायचं नाही, आणि इथेच बहुतेक जण चुकतात असं डॉक्टर म्हणाले. सगळंच बंद केलं तर प्रथिनं आणि खनिजंही बंद होतात आणि हाड आणखी मागे पडतं. म्हणून सोया पेंड, खनिज मिश्रण आणि मेथीघास सुरू, फक्त धान्याची आणि साखरेची ऊर्जा कमी. नालबंदाने टाचा थोड्या थोड्या करत उतरवल्या. आणि रोज सकाळ-संध्याकाळ मऊ रानात मोकळा सोडायचा. पळवायचा नाही, नुसता मोकळा.

पहिल्या महिन्यात शिंगरा उतरला. बरगड्या हाताला लागायला लागल्या आणि भाऊजींचे फोन वाढले. आण्णांनीच त्यांना समजावलं, "आरं, बरगडी हाताला लागू दे, डोळ्याला दिसली नाय म्हंजे झालं." वाढत्या शिंगराची अंगलट ओळखायची याच्याहून सोपी खूण मला दुसरी सापडलेली नाही. दोन-अडीच महिन्यांनी फुगवटा ओसरला, पायातला गरमपणा गेला. खूर बराच खाली आला, पण पुरता नाही. उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा उभाच राहिला आणि तो आता तसाच राहणार.

आमची शिंगरी त्याच्याशेजारी तेव्हा खरोखर काटकुळी दिसायची. लांब पाय, पातळ मान. येणारे-जाणारे विचारायचे, घालत नाही का काही? तिचे गुडघे मी रोज खरारा करताना चाचपायची. सपाट, थंड, दोन्हीकडे सारखे.

वर्ष संपताना तिचा आहार बदलत गेला. धान्याचा वाटा कमी, चाऱ्याचा जास्त. वर्षाच्या शिंगराला निम्म्याहून जास्त पोट चाऱ्याने भरायला हवं, आणि धान्य एका वेळी थोडंच घालायचं. जठर लहान असल्याने जास्तीचं धान्य न पचता पुढे सरकतं, मोठ्या आतड्यात आंबतं आणि पोटदुखी होते. खाद्यातला कुठलाही बदल आठवडा-दहा दिवसांत मुरवायचा.

ज्वारीबद्दल सोलापुरातल्या माणसाने जास्तच सावध राहिलं पाहिजे, कारण ती आपल्या चहूबाजूंना असते. वाळलेला कडबा निर्धास्त द्यावा. पण कोवळी ज्वारी, पाण्याविना करपलेली ज्वारी, कापणीनंतर बुडख्याला आलेले फुटवे यांनी किराळ, म्हणजे विषबाधा, लागते हे प्रत्येक शेतकऱ्याला गाई-म्हशींवरून माहीत आहे. घोड्यात आणखी एक प्रकार होतो: हिरव्या ज्वारीवर बरेच दिवस चरलेला घोडा मागच्या पायांत लुळा पडतो आणि त्याला लघवी धरवत नाही. तो बरा होणं अवघड. म्हणून हिरव्या ज्वारीच्या रानात आमची घोडी सुटत नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हिरवं संपत आलेलं असतं. हिरव्यातून मिळणारं अ आणि ई जीवनसत्त्व वाळल्या कडब्यात उरत नाही. त्या दोन महिन्यांसाठी मेथीघासाचा एक वाफा केवळ शिंगरीचा म्हणून राखला होता, विहिरीचं पाणी कमी असतानाही. पाणी सावलीत, हौद दर दोन दिवसांनी घासलेला, शेजारी सैंधवाचा खडा. पावसाळ्यात भिजलेला कडबा वेगळा काढून ठेवला, तो कुणालाच घातला नाही. जंताचं औषध दोन-अडीच महिन्यांपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक अंतराने दिलं. लहान शिंगरांत गोल जंत फार होतात आणि पोट सुटलेलं, केस राठ झालेलं शिंगरू पाहून लोक खुराक वाढवतात. तो सगळा जंतांच्या वाट्याला जातो.

शिंगरी आता दोन वर्षांची होत आली आहे. दिवसाला कडबा कुट्टी चार किलो, हिरवं मेथीघास पाच-सहा किलो, भरडा दीड-दोन किलो दोन वेळेत, खनिज मिश्रण साठ ग्रॅम. दिवसातले बरेच तास ती रानात मोकळी असते. परवा एका लग्नघराची माणसं आली, वरातीला नाचायला शिकवाल का म्हणून. दोन पायांवर उभं राहायचं, त्यावर नवरदेव, खाली डांबरी रस्ता. गुडघ्याच्या वरची वाढीची जागा घोड्यात साधारण दोन-अडीच वर्षांनी भरते. तोवर पाठीवर माणूस बसवायचा नाही असं आमच्या घरात ठरलं आहे, आणि नाचकाम तर त्यानंतरही नाही. आण्णांनी त्यांना चहा पाजला आणि तसं सांगून टाकलं.